थोरल्या जावयाचा नारळ

साडूची बोट कडूबाला पाहताक्षणी आवडली, आणि सगळं दुखणं तिथूनच सुरू झालं. बोट टाकाऊ असती तर त्यानं नाक मुरडलं असतं, दोन नावं ठेवली असती आणि घरी जाऊन सुखानं जेवला असता. पण बोट झकास होती. पांढरीशुभ्र, फायबरची, कडेला निळा पट्टा, मागं काळी मोटार. नाथसागराच्या पाण्यावर ती अशी काही डुलत होती की कडूबाच्या तोंडून "वा" निघून गेलं. ते नानासाहेबानं ऐकलं. आता ते परत कसं घेणार?

"कोकणातून आणली, कडूबाराव," नानासाहेब म्हणाला. "जुनी हाय, पण मोटार जपानी. बटण दाबलं की आपोआप पाण्यातनं वर येती. तुमच्या जॅकसारखं दांडा हाणत बसायला नको."

तुमच्या जॅकसारखं! कडूबाचं संभाजीनगरात, जाफर गेटजवळ दुकान होतं. ट्रॅक्टरचे हायड्रॉलिक, ट्रॉलीचे दांडे, गाड्यांचे जॅक, जे जे म्हणून तेलाच्या दाबावर चालतं आणि गळतं, ते त्याच्याकडं यायचं. फुलंब्रीपासून शेतकरी ट्रॅक्टर घेऊन यायचे आणि त्याला 'मिस्तरी' म्हणायचे. सासरी मात्र नानासाहेब त्याला हसत हसत 'जॅकवाले' म्हणायचा, आणि सासरची माणसंही हसायची. कडूबाही हसायचा. आतून त्याचा तिळपापड व्हायचा तो वेगळा.

दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. थोरली आशाबाई कडूबाची, धाकटी द्वारकाबाई नानासाहेबाची. म्हणजे नात्यानं कडूबा थोरला जावई. हे थोरलेपण त्यानं फार जपलं होतं, कारण सासरी जपण्यासारखं त्याच्याकडं दुसरं काही नव्हतं. नानासाहेब देखणा, बोलका, पैठणच्या बाजारात दहा जण हाक मारणारा. त्याच्या घरी सासूबाई महिना महिना राहायच्या. कडूबाच्या घरी आल्या की तिसऱ्या दिवशी त्यांना शहरातल्या पाण्यानं पोटात गुबारा धरायचा.

सासूबाईंचं, म्हणजे भागूबाईंचं, गाव धरणात गेलेलं. चांदेगव्हाण त्याचं नाव. जायकवाडीचं पाणी चढलं तेव्हा माणसं वर आली, जनावरं वर आली, पण गावची जानाई खालीच राहिली. दगडी देऊळ उचलणार कोण? उन्हाळ्यात पाणी उतरलं की ते देऊळ बाहेर येतं, भोवती उंचवटा उघडा पडतो, आणि मग गावच्या लेकी-सुना बोटीनं जाऊन देवीची ओटी भरून येतात. त्या दिवशी पुरुषानं जायचं नाही. नावाडी भोई तेवढा जायचा, आणि तोही देवळाकडं पाठ करून बसायचा. जावयांनी काठावर थांबून स्वयंपाक करायचा. होय, जावयांनीच. तीन दगडांची चूल मांडून भाकरी थापायच्या, वांग्याचा रस्सा करायचा, आणि बायका परत आल्या की त्यांना वाढायचं. त्या जाड्याभरड्या भाकऱ्यांवर बायका वर्षभराचं हसून घेत. मग भागूबाई देवीपुढं फोडलेल्या नारळाची एक कवड थोरल्या जावयाच्या हातात देत. तो मानाचा नारळ. धरणामुळं उठलेली गावातली सगळी घरं काठावर जमलेली असत, त्या सगळ्यांच्या देखत तो मिळायचा. कडूबाला वर्षातून एकदाच सासरी कुणीतरी असल्यासारखं वाटायचं, ते त्या दिवशी.

आणि यंदा आशाबाईनं सहज बोलावं तसं सांगितलं, "आई म्हनत व्हती, बोट नानासाहेबांची हाय तर औंदा नारळ त्यांच्या हातात द्यावा का काय."

कडूबा तेव्हा जेवत होता. त्यानं घास खाली ठेवला.

"द्या की! देवळाची चावीबी द्या त्याला," तो म्हणाला, आणि ताटावरून उठला.

देवळाला दारच नव्हतं, तर चावी कुठली. पण माणूस जळायला लागला की असंच बोलतो.

मग एक दिवस नानासाहेब पिकअपमध्ये मोटार घालून जाफर गेटला हजर झाला. बटण दाबलं की मोटार वर यायची, पण थोड्या वेळात आपली आपण खाली बसायची. शिवाय बोटीमागं पाण्यावर तेलाचा रंगीबेरंगी तवंग. ओटीचा दिवस तोंडावर आलेला.

"कडूबाराव, तुमच्याशिवाय कुनाला सांगू? शहरात लई जनांना दाखवली. कुनी हात लावीना."

म्हणजे आधी सगळ्यांकडं जाऊन आला आणि मग इथं. कडूबानं ते बरोबर टिपून ठेवलं. तरी मोटारीवरचा हात त्याला मागं घेता येईना. वर उचलायची ती सगळी यंत्रणा मोटार बोटीला अडकवायच्या दोन लोखंडी कानांच्या मध्ये बसवलेली होती. छोटी विजेची मोटार, तिच्याखाली पंप, बाजूला तेलाची टाकी आणि समोर दांडा. पंपानं तेल ढकललं की दांडा बाहेर येतो आणि सगळी मोटार पाण्यातून वर उचलतो. जॅकच तो. सुबक, लहानसा, पण जॅकच. कडूबाला हे कळलं आणि फार बरं वाटलं.

त्यानं टाकीचं बूच उघडून बोट बुडवलं आणि वास घेतला.

"ह्यात काय घातलंय?"

"कमी झालं व्हतं म्हनून भर घातली. ब्रेक ऑइल. त्येबी हायड्रॉलिकच की."

कडूबानं बोट फडक्याला पुसलं. त्यानं आशाबाईकडं पाहिलं आणि आशाबाईनं नुसती भुवई उडवली. ती दुकानात त्याच्या बरोबरीनं काम करायची. सुटे भाग रॉकेलमध्ये धुणं, जुन्या सीलच्या मापाची नवी शोधणं, गास्केट कापणं, हे तिचंच खातं. ब्रेक ऑइलनं अशा ठिकाणचं रबर फुगतं, भाकरीच्या पापुद्र्यासारखं सुटून येतं, हे तिलाही माहीत होतं. नानासाहेबाला माहीत नव्हतं. एवढा दहा हाकांचा माणूस, आणि त्याला हे माहीत नव्हतं! कडूबानं त्या दिवशी दोन चहा जास्तीचे मागवले.

पंप खोलला तेव्हा आत सगळी रबरं मऊ पडून फुगलेली निघाली. पंप आणि टाकी यांच्यामधली गोल रिंग एका जागी चिरली होती. तेल बाहेर येत होतं ते तिथून. दांड्याच्या तोंडाचं सील ओघळत होतं. आशाबाईनं भाग धुऊन ओळीनं फडक्यावर मांडले. कडूबानं दांडा उजेडात धरून फिरवला, नखानं चाचपला. ओरखडा नव्हता. सील एका जर्मन हार्वेस्टरसाठी आणलेल्या डब्यात सापडलं, रिंगा आशाबाईनं आपल्या बरणीतून मापानं काढल्या. नवं, लाल, पातळ तेल भरलं. दांडा वरखाली करून आतली हवा काढली. मग शेवटी वजन लटकावून ठेवलं आणि दोघं जेवायला बसली. जेवून पाहिलं तर दांडा तसूभर हलला नव्हता.

"चांगलं झालं," आशाबाई म्हणाली.

चांगलंच झालं होतं. कडूबानं आयुष्यात इतकं नेटकं काम थोडं केलं होतं. आणि तेवढ्यात त्याला नानासाहेब आठवला. हे सगळं कुणासाठी? उद्या बोट डौलात जाईल, मोटार झोकात वर उचलली जाईल, काठावरची माणसं म्हणतील, वा नानासाहेब! पंपाच्या पोटातली नवी सीलं कुणाला दिसणार? गळतं तेव्हा सगळ्यांना दिसतं, गळायचं थांबलं की कुणाच्या लक्षातही येत नाही. असला हा धंदा. कडूबानं स्वतःच्या हातानं साडूच्या डोक्यावर तुरा खोवला होता, आणि नारळही त्याच्याच ओंजळीत टाकला होता.

ओटीच्या दिवशी सकाळी काठावर मोटार बोटीला चढवली. कडूबानं बटण दाबलं, मोटार वर आली आणि राहिली. नानासाहेब भागूबाईंना आणायला गेला. द्वारकाबाई ओटीचं सामान लावत होती. आशाबाई पलीकडं चिंधी पिळत होती.

त्या यंत्रणेला कडेच्या भोकात एक चपट्या खाचेचा स्क्रू असतो. वीज गेली, बॅटरी बसली, तर तो सैल करून मोटार हातानं खालीवर करता यावी म्हणून ठेवलेला. जॅकलाही असतो तसा. घट्ट असला की दाब धरतो, सैल झाला की तेल हळूहळू मागं जातं. कडूबा त्या भोकाकडं बराच वेळ पाहत राहिला.

काही मोडणार नाही, त्यानं मनाशी म्हटलं. माणसं जमतील. सगळ्यांसमोर मोटार हळूहळू खाली बसेल. नानासाहेब बटण दाबत राहील, घाम पुसत राहील. 'आता काय करायचं' असं भागूबाई म्हणतील. मग आपण चुलीपुढून उठायचं, हात झटकायचे, स्क्रू ड्रायव्हरचा एक फेरा मारायचा. मोटार थांबेल. तेव्हा कळू दे, बोट कुणाचीही असो, ती तोलून धरणारा कोण आहे ते.

त्यानं स्क्रू मागं फिरवला. चीड आली की हात फार स्थिर राहतो, हे त्याला त्या दिवशी कळलं. छोटा स्क्रू ड्रायव्हर अवजारांच्या पिशवीत टाकून तो चूल पेटवायला गेला.

माणसं जमली. आवडाबाई, सरूबाई अशा गावच्या कितीतरी लेकीसुना नवी लुगडी नेसून आल्या. कडूबा पीठ मळता मळता एक डोळा मोटारीवर ठेवून होता. मोटार हलेना. त्यानं पुन्हा पाहिलं. हलेना! मग त्याच्या ध्यानात आलं. मोटार वर असताना खाली एक लोखंडी आडणा लावायची सोय असते, टेकू म्हणून. नानासाहेबानं जाता जाता जुन्या सवयीनं तो आडणा लावून ठेवला होता. गळक्या पंपाच्या दिवसांतली सवय. मोटार त्या आडण्यावर टेकून आरामात बसली होती, आणि स्क्रू सैल आहे की घट्ट याच्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं.

बरं, पाण्यात ढकलली की आडणा निघेल. तेव्हा दिसेल. शिवाय चालवायला नानासाहेबच बसणार, मालक तोच.

तेवढ्यात भागूबाई म्हणाल्या, "नानासाहेब, तुम्ही उतरा. भाकरी थापा."

"मामी, मी नुसता पाठ करून बसतो की. भोई बसायचा तसा."

"भोई भोई व्हता. तुम्ही जावई. माझ्या जानाईपुढं जावई नाय गेला कवा. द्वारकी चालवंल. रोज मासे आनती ती, तिला काय शिकवायचं?"

द्वारकाबाईनं पदर खोचला आणि सरळ मागं जाऊन बसली. बायका चढल्या. आडणा निघाला, मोटार पाण्यात गेली, आवाज झाला, आणि बोट निघालीसुद्धा. कडूबाच्या हातात पिठाचा गोळा तसाच राहिला.

"बसा, कडूबाराव," नानासाहेब शेजारी येऊन बसला. त्याला हाताला चटका बसल्याशिवाय भाकरी उलटता येत नव्हती. "काय काम केलंय तुम्ही! मी तर सगळ्या पैठणला सांगनार, माझा साडू हाय म्हनून बोट हाय." आणि मग आजूबाजूच्या जावयांना ओरडून, "ह्ये बघा, ह्ये आमचे जॅकवाले!"

ते हसले. कडूबाचं तिकडं लक्षच नव्हतं. त्याला आता वेगळंच आठवत होतं. देवळापाशी जायचं तर जुन्या गावावरून जावं लागतं. पाण्याखाली हातभर अंतरावर घरांच्या पडक्या भिंती, जोती, उखळी. भोई बांबूनं चाचपत चाचपत नेई. मोटारीची बोट तिथून न्यायची तर मोटार अर्धी उचलून, हळू, वरच्या वर न्यावी लागणार. आणि स्क्रू सैल असला तर मोटार चालता चालता खाली दबत जाणार. पंखा दगडावर आपटणार. पंखा गेला तर गेला, पण भरलेली बोट भिंतीवर आडवी झाली तर? बोटीत म्हातारी होती. द्वारकाबाई होती. आणि पुढच्या फळीवर, परडी मांडीवर घेऊन, आशाबाई बसली होती. तिला पोहता येत नव्हतं.

बोट दूरवर ठिपक्याएवढी झाली होती आणि तिचा आवाज बारीक होत चालला होता. म्हणजे द्वारकाबाईनं वेग कमी केला होता. म्हणजे जुनं गाव आलं होतं.

कडूबा उठला. पिठाचे हात तसेच घेऊन तो टेकाडावर धावत गेला, कारण रेंज तिथंच यायची. नानासाहेब मागून हाका मारत होता. फोनला पीठ लागलं. आशाबाईनं उचलायला केवढा तरी वेळ लावला.

"आशा! ऐक. द्वारकीला म्हनावं थांब. मोटार बंद कर. त्या कडेच्या भोकात स्क्रू हाय, त्यो... त्यो सैल राह्यलाय. माझ्याकडून राह्यलाय. काहीबी घाल त्यात आन् घट्ट पिळ."

पलीकडं पाण्याचा आणि बायकांच्या गाण्याचा आवाज येत होता.

"राह्यलेला नाय," आशाबाई म्हणाली. "तुम्ही सैल केलेला. मी बघितला."

कडूबानं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तुम्ही चुलीकडं गेलात तवाच घट्ट केलाय मी. मोटार बरोबर राह्यलीय. आता फोन ठेवा आन् भाकरीकडं बघा, नायतर करपंल."

फोन बंद झाला. कडूबा टेकाडावर बसला. लांब पाण्यात देवळाचा काळा कळस दिसत होता आणि त्याच्या अंगाला बोट लागत होती. काळी मोटार हळूच पाण्यातून वर उचलली गेली. वर आली आणि राहिली. आपलं काम इतक्या लांबून इतकं चांगलं दिसेल असं त्याला कधी वाटलं नव्हतं. त्याला रडू आलं, आणि ते सुटकेचं की शरमेचं हे त्यानं ठरवलं नाही. मग तो खाली आला. भाकरी करपलीच होती.

बायका परतल्या. भाकऱ्यांना हसल्या, करपलेलीला तर लोटपोट होऊन हसल्या. जेवणं झाली आणि भागूबाई नारळाची कवड घेऊन उभ्या राहिल्या. नानासाहेबानं डोक्यावरची टोपी सारखी केली. कडूबा हंड्याआड भांडी गोळा करत होता.

"कडूबाराव," भागूबाईंनी हाक मारली. "या हिकडं. औंदा मी दुसरंच म्हनत व्हते. पन ह्या आशीनं बोटीत सगळ्यांना सांगितलं, पंप कसा खोलला, काय काय बदललं. आमाला काय कळतंय? पन खाली माझ्या घराचं जोतं दिसत व्हतं पान्यात, आन् बोट वरून अशी गेली, दगडाला शिवलीबी नाय. येवढ्या वर्सात पयल्यांदा मी माझं घर नीट बघितलं." त्यांनी कवड पुढं केली. "घ्या. थोरल्याचा मान थोरल्यालाच."

सगळे बघत होते. ज्याच्यासाठी जीव जळत होता ते सगळं कडूबासमोर होतं. सासूचा शब्द, गावची माणसं, पडलेल्या चेहऱ्याचा नानासाहेब. आणि त्याला हात पुढं करता येईना.

"मामी, मला नको. म्हंजे... नानासाहेबाला द्या. नायतर आशाला."

"बाईच्या हातात द्यायचा ह्यो मान नाय. आन् मान नाकारायचा नसतो."

आशाबाई आईच्या शेजारीच उभी होती. तिनं पुढं होऊन त्याचे पिठाळलेले दोन्ही हात धरून ओंजळ केली, दुकानात एखादी रिंग त्याच्या हातावर ठेवावी तितक्या सहज. भागूबाईंनी नारळ ठेवला. मग आशाबाईनं कमरेच्या पिशवीतून काहीतरी काढून नारळाशेजारी ठेवलं. तो छोटा स्क्रू ड्रायव्हर होता.

"दुकानातला हाय," ती इतकंच म्हणाली. "जागेवर ठेवा."

ती ताटं धुवायला निघून गेली. नानासाहेबानं हसून विचारलं, "कडूबाराव, आमाला द्या की येक तुकडा!" कडूबानं त्याला नारळ दिला. मोठा तुकडा काढून दिला. स्वतःही एक तोंडात टाकला, कारण सगळे बघत होते. तो बराच वेळ चावत राहिला. पाण्याकाठी पाठमोरी बसलेली आशाबाई ताटं घासत होती, तिनं एकदाही वळून पाहिलं नाही.